कोपऱ्यातला दात

मे महिन्यातली दुपार. पाचगणीला टेबललँडच्या उताराखाली चाचांचा पत्र्याचा तबेला आहे. तिथं मी बादलची म्होरकी डाव्या हातात धरून उभी होते आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं त्याचा वरचा ओठ वर सारला होता. पत्रा तापून कडकड वाजत होता. मुताचा, घामाचा आणि वाळल्या गवताचा वास येत होता, जो आता माझ्या ओढणीतून कितीही धुतली तरी जात नाही. समोर महाबळेश्वरचा एक तरुण पोरगा उभा होता. वेण्णा लेकवर फिरवायला त्याला घोडा हवा होता. पैशाचं बोलणं झालं होतं, गाडं अडलं होतं ते वयावर. चाचा म्हणत होते नऊ. पोरगा म्हणाला, "डॉक्टर मॅडमना बघू द्या. त्या सांगतील ते मला मान्य." मी वरच्या जबड्याच्या अगदी कोपऱ्यातला दात बघितला. तपकिरी रेघ हिरडीपासून निघून दाताच्या निम्म्यापर्यंत उतरली होती. "पंधरा," मी म्हणाले. "एखादं वर्ष इकडंतिकडं."

पोरानं मोबाइल खिशात घातला, "घरी विचारून कळवतो" म्हणाला आणि गेला. तो कळवणार नाही हे तिघांनाही कळलं होतं. चाचा एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी पुढं येऊन बादलचा वर राहिलेला ओठ तळहातानं खाली केला, झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करावं तसा. मग खिशातून गुळाचा खडा काढून त्याला भरवला. मला चहा पाजला. फी नको म्हटलं, तर गाडीपर्यंत येऊन नोटा माझ्या बॅगेच्या कप्प्यात सारल्या. दाराशी माझ्या बुटाच्या तळव्याला काहीतरी चिकटलं होतं. ओल्या, चघळून टाकलेल्या कडब्याचे लहान लहान गोळे. दगडावर बूट घासून मी ते काढून टाकले आणि पसरणीचा घाट उतरायला लागले.

घाट संपेपर्यंत स्वतःशीच भांडत होते.

नऊ म्हटलं असतं तर घोडा विकला गेला असता. चाचांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलेलं, हे सगळ्या आळीला माहीत होतं. पण पंधरा वर्षांच्या घोड्याकडून त्या पोरानं नऊ वर्षांच्या घोड्याचं काम घेतलं असतं. दिवसाला वीस-पंचवीस फेऱ्या, पाठीवर ऐंशी किलोचा माणूस, वर सेल्फीसाठी मागचे पाय ताणून उभं राहायचं. आणि न विकला गेला, तर जूनमध्ये पाऊस लागणार, पर्यटक जाणार. चार महिने घोड्याच्या पाठीवर कुणी बसणार नाही, पोटाला मात्र रोज लागणार. 2020 साली लॉकडाउनमध्ये या डोंगरावरच्या घोड्यांच्या बरगड्या मी मोजलेल्या आहेत. बरं, दातावरून वय म्हणजे काही जन्मदाखला नव्हे. पाण्यात, चाऱ्यात माती जास्त असली तर दात लवकर झिजतात. "बारा-पंधरा" म्हणता आलं असतं. खोटं ठरलं नसतं. मग मी इतक्या ताडकन पंधरा का म्हणाले? कारण मला ते येतं. विचारलं आणि मला येत होतं, म्हणून.

घोड्याच्या वयाची ही रेघ मला शिरवळच्या कॉलेजात शिकवली. क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, पुणे-सातारा रस्त्यावरून जाताना कमान दिसते ते. मी 2000 साली तिथं गेले. शरीररचनेच्या वर्गात टेबलावर कवट्या मांडलेल्या असायच्या आणि सर एकेक जबडा हातात देत. पुढच्या दातांवरचे काळे खड्डे कितव्या वर्षी बुजतात, दाताचा आडवा छेद लांबटाचा गोल आणि गोलाचा तिकोनी कधी होतो, असं सगळं. आणि मग ती गॅल्व्हेनची खाच. दहाव्या वर्षी हिरडीपाशी डोकावते, पंधराव्याला निम्म्यावर, विसाव्याला टोकाला, आणि पुढं वरून पुसायला लागते. मला ते वाचून अंगावर काटा आला होता. बोलता न येणाऱ्या जनावरानं आपलं वय तोंडात लिहून ठेवलेलं असतं. पुढं वाईत एका म्हाताऱ्या नालबंदाकडं मी महिनाभर बसत होते. त्यांना गॅल्व्हेन माहीत नव्हता, पण ते ओठ उचलून क्षणात सांगायचे. बाजारातले लबाड लोक तापल्या सळईनं दातात काळे खड्डे पाडून म्हातारं घोडं तरुण करतात, हेही त्यांनीच दाखवलं. "कोपरा बघायचा पोरी," म्हणायचे. "पुढचे दात सगळेच बघतात."

पण घोडे माझ्या आयुष्यात आले ते कॉलेजच्या फार आधी. आमचं गाव तरडगावाजवळ. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते, आणि तिथून तरडगावकडं येताना चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. मी सहा-सात वर्षांची असेन, आजोबांच्या खांद्यावर. दोन्ही बाजूंना वारकरी, टाळांचा आवाज इतका की छातीत धडधडावं. मधून आधी स्वाराचा घोडा गेला आणि मागून माउलींचा. त्याच्यावर कुणी नव्हतं. खोगीर होतं, झूल होती, स्वार नव्हता. मी आजोबांना विचारलं, यावर कोण बसलंय? ते म्हणाले, "माउली." मग माणसं वाकली आणि टापांखालची माती कपाळाला लावायला लागली. आजोबांनी माझ्याही कपाळाला लावली. माती गरम होती, आणि तिला घोड्याचा वास होता. त्या रात्री आईनं तोंड धुवायला लावलं तर मी रडले होते, एवढं आठवतं.

कॉलेजात आमच्या तुकडीतल्या बहुतेकांना सरकारी दवाखाना नाही तर दूधसंघ हवा होता. पुण्या-मुंबईची मुलं कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्याची स्वप्नं बघायची. घोड्याचं नाव काढलं की मित्र म्हणायचे, आता घोडे उरलेत कुठं? परीक्षेपुरता घोडा सगळ्यांनी पाठ केला. घोड्याला पित्ताशय नसतं. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकानं. घोड्याला उलटी होत नाही, कारण अन्ननलिका पोटाला मिळते तिथला स्नायू फार घट्ट असतो. मला मात्र हे वाक्य पुस्तकात वाचूनसुद्धा दुखलं होतं. एवढं मोठं, दणकट जनावर, आणि पोटात गेलेलं त्याला परत काढता येत नाही. गॅस धरला, आतड्याला पीळ पडला, की ते जमिनीवर लोळतं, वळून वळून स्वतःच्या कुशीकडं बघतं, आणि नाकातून नळी घालून आपण वाट करून दिली नाही तर मरतं. बैलाला, म्हशीला, कुत्र्याला मी माझ्यापुरतं समजून घेतलं होतं. घोड्याची दया आली, आणि दया आली म्हणून मी त्याच्याकडं गेले, असं आज वाटतं. तेव्हा मी त्याला आवड म्हणत होते.

2006 साली मी इंटर्नशिप करत होते आणि राज्यात ग्लँडर्स आला. शेंबडातून पसरणारा, माणसालाही होणारा रोग, आणि घोड्याला झाला तर उपचार करायचे नाहीत, घोडा मारायचा, असा नियम. रक्ताचे नमुने गोळा करून हरियाणात हिसारच्या अश्व संशोधन केंद्राकडं पाठवायचे आणि निकालाची वाट बघायची. आम्ही तबेल्यात शिरलो की माणसं घोड्यापुढं आडवी उभी राहायची. एका वरातीच्या घोडीचा मालक हात जोडून म्हणाला होता, उद्याची वरात होऊ द्या, परवा रक्त घ्या. घोडीच्या कपाळावर आधीच मोत्यांचा साज बांधलेला होता. आमच्या वरिष्ठांनी ऐकलं नाही. ते बरोबरच होते, आणि घोडी निर्दोष निघाली, पण ती वरात घोडीविनाच गेली. सुईतून रक्त नळीत उतरताना त्या माणसानं भिंतीकडं तोंड केलं होतं. खरं सांगणं हे आपलं काम आहे आणि ते दुसऱ्याच्या दारात जाऊन करायचं काम आहे, हे तिथं मला पहिल्यांदा कळलं.

नंतर सहा वर्षं पुण्यात रेसच्या घोड्यांमध्ये काढली. एका ज्येष्ठ डॉक्टरांच्या हाताखाली. पहाटे साडेचारला तबेला जागा व्हायचा. पावसाळ्यात पुण्याला शर्यती, हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीला. थरोब्रेड घोडा म्हणजे कातडीखाली वीज खेळतेय असं जनावर. तिथं प्रत्येक घोड्याचा पासपोर्ट, प्रत्येकाची फाइल, खुराकाचं वजन, क्ष-किरण, सोनोग्राफी. दिव्याच्या उजेडात मी घोड्याच्या पुढच्या पायामागं बसून नळीवरून तळहात फिरवायची. कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, किंचित गरम लागतो का, एवढंच बघायचं. आजही माझा हात तापलेला कंडरा डोळे मिटून ओळखतो, ते त्या सहा वर्षांचं देणं. ट्रेनर लोक एकच प्रश्न विचारायचे: शनिवारी पळेल का? आमचे सर त्याचं उत्तर लगेच कधीच देत नसत. पायासाठी बोलावलं तरी ते नाकापासून सुरू करायचे आणि शेपटीपर्यंत जायचे. डोळे, हिरड्या, जबड्याखालची नाडी, पोटाचे आवाज, लीद. मी एकदा घाई केली तर म्हणाले, "त्यांनी पाय विचारलाय. घोड्यानं काय विचारलंय ते तू अजून बघितलं नाहीस."

2012 मध्ये वडील आजारी पडले आणि मी वाईला आले ती इथलीच झाले. पहिली दोन वर्षं कुणीही दार उघडलं की माझ्या मागं बघायचं, डॉक्टर कुठायत म्हणून. आईला तर माझं काम कधी पटलंच नाही. बाईमाणसानं घोड्याच्या मागं उभं राहायचं, लाथ बसली म्हणजे? मग एका पावसाळ्यात धाकट्या काकांना उसाच्या सरीत घोणस चावली. सिव्हिलला एकामागून एक बाटल्या लावल्या. रात्रभर मी आणि आई बाहेरच्या बाकावर. पहाटे काका शुद्धीत बोलले, तेव्हा आईनं विचारलं, त्या बाटलीत काय होतं गं? मी सांगितलं. घोड्याला सापाचं विष अगदी थोडं थोडं देत नेतात, त्याचं रक्त विषाशी झुंजायला शिकतं, मग त्यातला पातळ भाग काढून घेतात आणि लाल पेशी घोड्याला परत देतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच औषध, आणि ते घोड्याच्या अंगात तयार होतं. आई बराच वेळ गप्प बसली. त्या वर्षी दसऱ्याला तिनं माझ्या पेटीची, नळीची आणि दाढा घासायच्या कानशीची पूजा केली. झेंडू वाहिला. नंतर तिनं लाथेचा विषय काढला नाही.

आता माझ्याकडं येणारे घोडे म्हणजे टेबललँडचे, वेण्णा लेकचे, वरातींचे, आणि माण-खटावकडून खाली उतरणाऱ्या धनगरांची तट्टं. हे तट्टू बुटकं, पोट सुटलेलं, दिसायला काही नाही. पण पाठीवर अख्खा संसार असतो. भांडी, मेंढ्या कोंडायची जाळी म्हणजे वाघर, पिंजऱ्यातल्या कोंबड्या आणि त्या दिवशी जन्मलेली कोकरं. भीमथडीची तट्टं यमुनेचं पाणी प्यायली म्हणून आपण छाती फुगवतो, ती हीच. अलीकडं या जातीला देशाच्या नोंदणीत स्वतंत्र जात म्हणून मान मिळाला, तेव्हा मी एका धनगर बाईला कौतुकानं सांगायला गेले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते ऱ्हाऊं द्या ताई, याची पाठ लागलीया ती बघा." खोगिराखाली तळहाताएवढी जखम होती. पासपोर्ट नाही, फाइल नाही, काहीच नाही. घोडा आणि माणूस समोर उभे, आणि जे बघायचं ते त्या अर्ध्या तासात बघायचं.

श्रावणात चाचांचा फोन आला. पावसाळ्यात ते घोडी घाटाखाली पसरणीजवळ आणून बांधतात. "ताई, बादलच्या नाकातून चारा येतोय."

गेले तर बादल मान लांब ताणून उभा होता. दोन्ही नाकपुड्यांतून लाळ आणि हिरवट चोथा गळत होता. तो खोकायचा आणि पुन्हा मान ताणायचा. पाऊस असा की शेजारचं छप्पर दिसत नव्हतं. चाचांना वाटलं होतं घोडा गेला. तो गेला नव्हता. अन्ननलिकेत चाऱ्याचा बोळा अडकला होता. मी गुंगीचं इंजेक्शन दिलं, डोकं खाली येऊ दिलं, नाकातून नळी सरकवली आणि कोमट पाणी सोडत, काढत, सोडत बसले. चाचांचा नातू बॅटरी धरून होता. पाऊण तासानं नळी एकदम पुढं गेली आणि बोळा सुटला. बाहेर आलेलं पाणी मी बादलीत बघितलं. त्यात चावलेलं काहीच नव्हतं. बोटभर लांबीचे कडब्याचे तुकडे, जसेच्या तसे.

गुंगी उतरायच्या आत मी तोंड उघडं धरणारा माउथ गॅग लावला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. घोड्याचा दात जन्मभर वर सरकत राहतो आणि चावून चावून झिजत राहतो. पण वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळं वरच्या दाढांची गालाकडची कड आणि खालच्या दाढांची जिभेकडची कड झिजायची राहते. तिला पातीसारखी धार येते. बादलच्या दाढांनी माझ्या बोटाची कातडी सोलली. गालाच्या आत दोन जुन्या जखमा होत्या, एक कडक झालेली. हे महिन्या-दोन महिन्यांचं नव्हतं. वर्षभराचं होतं, कदाचित जास्त. जनावर तोंडात घास घ्यायचं, दोनदा चावायचं, गाल कापला की गोळा टाकून द्यायचं.

ते गोळे माझ्या बुटाला लागले होते.

मे महिन्यात मी त्याच तोंडापाशी उभी होते. अंगठा ओठाखाली होता. आणखी वीतभर आत हात गेला असता तर मला कळलं असतं. मला वय विचारलं होतं, मी वय सांगितलं, आणि ते बरोबर सांगितलं. मग दोन-अडीच महिने मी त्या सौद्याचा विचार करत राहिले. खरं बोलले ते चूक की बरोबर, लग्न, पोरगा, पावसाळा. रात्री झोप यायची नाही इतका विचार केला. त्या सगळ्या विचारात बादलचं तोंड दुखत असेल हे कुठंच नव्हतं. कडब्याचे गोळे तर मी दगडावर घासून काढले होते. विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगतात तसली खूण ती.

घसा सुजलेला होता म्हणून तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले, कानस घेऊन. पाऊस थोडा उघडला होता. चाचांनी डोकं धरलं, मी दाढा घासल्या. कानशीचा तो खरखर आवाज हाडातून हाडात जातो, घासणाऱ्याच्याही. पांढरी पूड पाण्याबरोबर तोंडातून गळत होती, जळक्या शिंगासारखा वास येत होता. मधे हात थांबवून बोट फिरवायचं, पुन्हा घासायचं. चाळीस मिनिटं लागली. मी हात धूत असताना चाचांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, "हे त्या दिवशी दिसलं नव्हतं, ताई?"

"बघितलं नव्हतं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मला वाटलं ते विक्रीबद्दल काही बोलतील. मी विचारलंही, की वय मी सांगणार हे माहीत असताना मला बोलावलंत कशाला. म्हणाले, "त्या पोरानंच नाव घेतलं तुमचं. नाही कसं म्हणणार? आणि नऊ तर मला पण खरं वाटत होतं. माझ्याकडं आला तेव्हा दोन-तीनचा होता म्हणून सांगितलं होतं विकणाऱ्यानं." मुलीचं लग्न आता दिवाळीनंतर आहे. त्यासाठी दुसरी घोडी विकली, तरणी होती ती.

नातवानं घमेल्यात भिजवलेला कोंडा आणला. बादलनं आधी नुसतं हुंगलं. मग एक घास घेतला आणि थांबला, नेहमीसारखं दुखायची वाट बघत असावा तसा. जबडा एकदा डावीकडं गेला, मग परत. मी बादली पालथी घालून तिच्यावर बसले. चाचा भिंतीला टेकले. पागोळ्या पडत होत्या आणि त्यांच्या मधून मधून ते दळण ऐकू येत होतं. आधी अडखळत, मग एका लयीत. घमेलं रिकामं होईपर्यंत आम्ही कुणी उठलो नाही. निघताना मी दाराशी थांबून जमिनीवर बघितलं. ओली माती होती, लीद होती, एक तुटका नाल होता. दुसरं काही पडलेलं नव्हतं.